निळी काजं

दोरी आडवी आली तेव्हा माईचा एक पाय पदपथावर होता आणि एक रस्त्यात. वरचा पाय खाली आणायला जागा नव्हती आणि खालचा वर घ्यायला मन नव्हतं. एकदा पुढे टाकलेलं पाऊल मागे घ्यायचं नाही, ही तिची जन्माची खोड. ह्याच खोडीपायी तिने दोन जावा तोडल्या होत्या, एक भरलं घर सोडलं होतं आणि नवऱ्याला घेऊन ह्या शहरात आली होती. "आजी, मागे व्हा," दोरी धरलेला पहारेकरी म्हणाला. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. "रस्ता बंद आहे."

"बंद आहे ते दिसतंय मला. उघडणार कधी ते सांग."

"गाड्या गेल्या की."

"आणि गाड्या कधी जाणार?"

"आल्या की."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. माईने वळून बघितलं तर पोटाशी पिशवी धरलेला एक कारकुनी चेहऱ्याचा माणूस होता. तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं हसू त्याच्या दातांतच अडकलं. मग तिने खालचा पाय वर घेतला. पण सावकाश, जणू तिला स्वतःलाच तसं वाटलं म्हणून. राजधानीत राहायचं म्हणजे हे आलंच. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मोठा माणूस कुठूनतरी कुठेतरी जातो आणि तो जाईपर्यंत लहान माणसांनी जिथल्या तिथे पुतळे होऊन उभं राहायचं. बहिणीला मात्र ती हेच केवढं रंगवून सांगायची! "अगं, अगदी नाकासमोरून गेले. हात केला त्यांनी." कुणी हात केला, कुणाला केला, देव जाणे. गाड्यांच्या काचा काळ्या असतात.

समोर, रस्त्याच्या पलीकडे, तीस पावलांवर तिची इमारत होती. तिसरा मजला, डावीकडून दुसरी खिडकी. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि साडेचारला घरांच्या कचेरीतला माणूस येणार होता. माईने त्याच्या कागदावर सही करायची, की खोली सोडली. एवढं झालं की संपलं. मुलगा नकाशे काढण्याच्या कामावर सहा तासांवरच्या एका छोट्या गावी चालला होता. तिथे अंगण होतं, नळाच्या पाण्याला वास नव्हता. मुख्य म्हणजे नातीचा खोकला तिथे थांबेल असं डॉक्टर म्हणाले होते. सात वर्षांची पोर, श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायची तिच्या. जायलाच हवं होतं त्यांना. ह्यात कुणाचं दुमत नव्हतं. प्रश्न एकच होता, माईने काय करायचं. खोली तिच्या नावावर होती. ती राहिली तर खोली राहणार होती; ती गेली तर खोली गेली, पुन्हा जन्मात मिळायची नाही. हे शहर कुणासाठी रांगेत जागा धरून ठेवत नाही. आणि माईने ठरवून टाकलं होतं की जायचं. पहाटेच ठरवलं होतं, दात घासता घासता. पण कागद समोर येईपर्यंत समोरासमोर बसून राहायचं, मुलाच्या चेहऱ्यावरचा तो सुटल्याचा भाव बघायचा, सुनेने चहा पुढे करायचा, हे तिला झेपेना. म्हणून नातीच्या नव्या कोटाचं शेवटचं बटण राहिलंय आणि काळा दोरा संपलाय असं सांगून ती जिने उतरली होती. "आत्ता? आई, ते येतील ना!" असं सून म्हणाली, तर माई म्हणाली, "येऊ देत. माझ्यावाचून सही करता आली तर करा."

दोऱ्याच्या दुकानदाराने दिव्याखाली रीळ धरून दाखवलं. "काळा आहे, माई, कोळशासारखा." माईने रीळ हातातून घेतलं, दाराशी गेली, उन्हात धरलं, एक हात दोरा सोडून निरखला, मगच घेतला. दुकानदाराला ते माहीत होतं. अकरा वर्षं ती प्रत्येक काळं रीळ दाराशी नेऊन बघत होती. का, ते त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. ह्या शहराचं हेच तर बरं होतं. आपल्या गावी असती तर दुकानदाराने विचारलं असतं, त्याच्या बायकोने विचारलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं असतं, की माईच्या आयुष्यात एक काळं रीळ असं होतं की जे काळं नव्हतं.

आता करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती आपल्या खिडकीकडे बघत उभी राहिली. आणि तिच्या ध्यानात आलं, की छत्तीस वर्षांत आपण हे कधी केलेलंच नाही. ह्या बाजूला ती रोज यायची. पण यायची, घ्यायचं ते घ्यायची आणि रस्त्याकडे बघत परत जायची. मान वर करून उभं राहायला वेळ कुणाला होता? खिडकी केवढीशी दिसत होती! आतून ती तिला दारासारखी वाटायची. त्या खिडकीत बसून तिने काजं केली होती. सदऱ्यांची, कोटांची, डगल्यांची. यंत्राने शिवून आलेला कोट शिंप्याच्या दुकानातला मास्तर तिच्याकडे पाठवायचा आणि ती हाताने काजं करून द्यायची. काज म्हणजे काय? कापडाला पाडलेलं भोक. पण ते भोक उसवू नये म्हणून त्याच्या काठाने शंभर टाके घालावे लागतात, एकाला एक चिकटून. माणसं बटणाकडे बघतात. काजाकडे कोण बघतं? काज फाटलं तरच बघतात. आणि आता त्या केवढ्याशा खिडकीत तिने स्वतः शिवलेला पडदा लटकत होता. पडदा उलटा होता. उलटा म्हणजे आतून सुलट, जसा सगळ्यांचा असतो तसाच; फुलं खोलीकडे आणि फिकी, टाक्यांची, गाठींची बाजू रस्त्याकडे. पडदे असेच लावतात, हे तिलाही माहीत होतं. पण शिवणारणीला स्वतःची उलटी बाजू चव्हाट्यावर टांगलेली दिसली की काय होतं, ते शिवणारणीलाच कळतं. छत्तीस वर्षांत चार पडदे झाले होते तिचे. चारही वेळा ह्या शहराने फक्त तिच्या गाठी बघितल्या. मग तिचं तिलाच हसू आलं. बघितल्या म्हणे! कोण बघतंय वर?

कालच सून नातीच्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखून बसली होती. सून शाळेत शिकवते; तिला रकाने आखल्याशिवाय दुःखसुद्धा होत नाही. वर लिहिलं होतं, इथले फायदे, इथले तोटे. फायद्यांत दवाखाना दहा मिनिटांवर, पाणी दिवसभर, वाचनालय, पोरीला पुढे शिकायला हव्या त्या शाळा, बायका एकट्या फिरल्या तरी कुणी वळून बघत नाही. तोट्यांत धूळ, गोंगाट, घर म्हणजे काड्यापेटी, पोरीचा खोकला. आणि खाली, जरा बारीक अक्षरात, शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. माई चौथीपर्यंत शिकलेली, पण वाचायला कुणाला ऐकायची नाही. चष्मा लावून, बोट फिरवत तिने दोन्ही रकाने वाचले, वरून खाली आणि खालून वर. मग म्हणाली, "सगळं लिहिलंस गं. म्हातारी कुठे लिहिलीस? फायद्यात की तोट्यात?" सुनेचे डोळे भरून आले. मुलगा चिडला. "आई, तुझ्या जिभेला काही हाड?" माई म्हणाली, "हाड असतं तर तू लहानपणीच मोडलं असतंस." पण रात्री पडल्या पडल्या तिला त्या शेवटच्या ओळीचं कोडं सुटेना. शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. हा तोटाच कसा? तिचा अर्धा जन्म तर ह्या एका फायद्यावर निभावला होता.

नवरा एका मोठ्या सरकारी कचेरीत लिफ्ट चालवायचा. चोवीस वर्षं मोठमोठ्या माणसांना वर नेलं आणि खाली आणलं, स्वतः मात्र राहिला तिसऱ्या मजल्यावर आणि तिथे जायला लिफ्ट नव्हती. ह्या विनोदावर तो स्वतःच सगळ्यांत आधी हसायचा. माणसांच्या चेहऱ्यांबद्दल तो कधी बोलला नाही, बुटांबद्दल बोलायचा. "लिफ्टमध्ये सगळे खाली बघतात. मीही बघतो." ज्या हिवाळ्यात तो गेला, त्या हिवाळ्यात त्याला खिडकीपाशी झोपवलं होतं. त्याला उजेड हवा होता, रस्ता हवा होता. म्हणून माई आपलं काम घेऊन आतल्या भिंतीशी गेली, पिवळ्या दिव्याखाली. मास्तरकडून चाळीस कोट आले होते, पहारेकऱ्यांचे, काळे, जाड कापडाचे. कोटाला पुढे पाच काजं आणि दोन्ही बाह्यांना दोन-दोन. ती हाताने टाके घालायची आणि कानाने त्याचा श्वास मोजायची. खिडकीतून तो मधूनच सांगायचा, "एक पिवळी मोटार गेली." ती म्हणायची, "जाऊ दे." चाळिसावा कोट झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो गेला. कोट मास्तरचा माणूस घेऊन गेला, आणि तेरा दिवसांनी, खिडकीपाशी पुन्हा बसल्यावर, उरलेलं रीळ तिच्या हाताला लागलं. उन्हात धरलं तर निळं. गडद, पण निळंच. पिवळ्या दिव्याखाली जे काळं दिसलं होतं ते निळं होतं. चाळीस काळ्या कोटांना निळी काजं! तिने रीळ मुठीत घट्ट धरलं आणि वाट बघत बसली. आज मास्तर येईल, उद्या येईल. तोंडावर कोट फेकील. ती आपली उत्तरं तयार करत राहिली. तिच्याकडे उत्तर नाही असा प्रसंग कधी आला नव्हता. पण कुणी आलंच नाही. महिना गेला, वर्ष गेलं. मग तिच्या लक्षात आलं, की कुणाला दिसलंच नाही. लाखो माणसांचं शहर, भर रस्त्यात उन्हात उभे राहणारे चाळीस पहारेकरी, आणि तिची चूक कुणाच्या नजरेला पडली नाही. आधी तिला हायसं वाटलं. मग, कधीतरी, कुठल्याशा दुपारी, त्या हायसं वाटण्याला मागून एक थंडगार अस्तर लागलं. चूक दिसली नाही म्हणजे बाकीचंही दिसलं नव्हतं. इतक्या वर्षांतलं एकही चांगलं काज कुणाला दिसलं नव्हतं. मास्तरलासुद्धा. तिने मनातल्या मनात त्याला आंधळा ठरवला. त्या चाळीस कोटांनंतर मास्तरने तिला काळं काम दिलंच नाही. "बाई, काळं आता यंत्रावर जातं. तुम्ही पांढरे सदरे करा." ही आपल्या डोळ्यांवर टीका, असं तिने धरलं आणि तेव्हापासून त्याच्याशी कामापुरतंच बोलली. दोन वर्षांनी त्याने दुकान बंद केलं. शेवटच्या दिवशी सगळे कारागीर जमले होते म्हणे. माईला निरोप आला होता. ती गेली नाही. आता तो ह्या जगात नव्हता.

"कोण येतंय पण?" पिशवीवाल्याने विचारलं.

"आपण थोडंच बोलावलंय?" एक बाई म्हणाली. तिच्या दंडाला टेकून एक पेंगुळलेलं मूल होतं. "येईना का कुणीही. माझं दूध उतू जाईल."

"गॅस बंद नाही केलात?"

"पाच मिनिटांत येते म्हणून आले होते हो!"

"आता त्यांनाच सांगा. म्हणावं, जरा दूध बघून या."

माई हसली नाही, कारण त्याच वेळी पहारेकऱ्याने दोरी ताणायला हात उचलला आणि त्याच्या बाहीचं टोक तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर आलं. तिरकं ऊन त्यावर पडलं होतं. दोन काजं. त्यांच्या डाव्या टोकाला, जिथे बाकीचे कारागीर एक आडवा टाका घालून मोकळे होतात, तिथे दोन टाके आणि त्यांवर एक वळसा. जगात ही गाठ एकच बाई मारते. ती तिला तिच्या आईने शिकवली होती, आणि तिने दुसऱ्या कुणालाही शिकवली नव्हती. माईने चष्मा वर ढकलला. दोरा काळा होता. पण काळा कसा? काठाशी काळा, मध्ये जांभळट, आणि जिथे बटण घासत होतं तिथे निळा. आजूबाजूच्या कापडावरही काळं काहीतरी पसरलं होतं, पोराच्या बोटांना शाई लागते तसं.

"हे काय लावलंयस रे?" ती म्हणाली.

"आजी, मागे."

"मागे सरकून सरकून भिंत आली पाठीला. बाहीला काय लावलंयस ते विचारते."

पहारेकरी समोरच बघत होता. गाड्या येईपर्यंत मान वळवायची नाही, असा नियम असणार. पण त्याच्या गालावर, कानाजवळ, काहीतरी हललं. पस्तिशीचा असेल, मिशी नुकतीच कातरलेली. "शाई," तो ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाला.

"शाई? कोटाला?"

"काजं निळी आहेत, आजी. कोट काळा. साहेबांना चालत नाही. म्हणून कवायतीच्या आदल्या दिवशी पेन घेऊन बसायचं आणि काळी करायची. धुतलं की पुन्हा निळी. पुन्हा पेन."

माईला वाटलं की रस्ता जरासा कलला. "किती दिवस?"

"मी पाच वर्षं करतोय. माझ्याआधी हा कोट ज्याच्या अंगावर होता त्याने सहा वर्षं केलं. चाळीस होते असे. आता अकरा उरलेत. नव्या माणसाला तेच देतात, कुणी घेत नाही ना. आम्ही त्यांना शाईवाले म्हणतो." त्याने गालातल्या गालात हसून घेतलं. "आणि काजं अशी पक्की, आजी, की कोट फाटेल पण काज उसवायचं नाही. उसवलं असतं तर कोट तरी बदलून मिळाला असता. कोण आंधळा शिंपी होता देव जाणे. रोज एकदा तरी त्याचा उद्धार होतो आमच्यात."

अकरा वर्षं. तिच्या हिशेबी जे कुणाला दिसलं नव्हतं, त्यावर चाळीस दांडगे पुरुष मान खाली घालून पेन फिरवत होते. एकेका काजावर, टाक्याटाक्यावर. तिने शंभर टाके घातले होते, त्यांनी शंभर टाके रंगवले होते. ती तिसऱ्या मजल्यावर बसून म्हणत होती, इथे आपलं नाव कुणाच्या तोंडी नाही. आणि नाव नव्हतंच, पण रोज शिव्या होत्या. तिला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, कानशिलं तापली. पण त्या लाजेच्या खाली काहीतरी वेगळंच उठत होतं, ज्याला काय म्हणावं ते तिला कळेना. बाळंतपणात पोर पहिल्यांदा रडलं तेव्हा असं झालं होतं. रडतंय म्हणजे आहे.

"मग त्या शिंप्याला पकडलं नाही कुणी?" तिने विचारलं. आवाज कोरडा ठेवला.

"आला होता की स्वतःहून. आमचा कपड्यांचा कोठीवाला सांगतो ती गोष्ट, त्याच्यासमोरच झालं. म्हातारा माणूस, साहेबापुढे उभा राहिला, म्हणाला, माझी नजर चुकली. साहेबाला पटेना. म्हणाला, एवढं बारीक हातकाम तुझं नाही, कुणाकडून करून घेतलंस, नाव सांग. तो म्हणाला, नाव नाही, हात माझाच. सगळी उसवून पुन्हा करून देतो म्हणाला. पण कोट वाटून झाले होते, बाहेर कोण देतो? काम गेलं त्याचं. आमच्याकडचं सगळं काम तोच करायचा म्हणे."

माईला मास्तरचे हात दिसले, टेबलावर पांढरे सदरे सारणारे. बाई, काळं आता यंत्रावर जातं. तिचा नवरा जाऊन तेव्हा महिना झाला होता. मास्तरने तिच्याकडे बघितलं नव्हतं बोलताना. आणि हा माणूस डोळे चुकवतोय म्हणजे आपल्याला हलकं लेखतोय, असं तिने धरलं होतं. यंत्रावर! आणि दोन वर्षांनी दुकान बसलं तेव्हा ती शेजारणीला म्हणाली होती, "बसणारच. नजर नाही त्या माणसाला." हे वाक्य तिला आता शब्दन् शब्द ऐकू आलं, आपल्याच आवाजात, आणि ते थांबवायला तिच्याकडे हात नव्हता. त्याच्या अखेरच्या दिवसांत तो कुठे होता, कुणाकडे होता, हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. इथलं हेही खरं होतं. माणूस इथे दोन गल्ल्यांवर मरतो आणि आपल्याला दोन वर्षांनी दुधाच्या रांगेत कळतं. सुनेने बारीक अक्षरात लिहिलं होतं ते. पण त्या रकान्यात मास्तर कुठे बसवायचा? ओळखत नाही असं दाखवून ज्याने ओळख राखली, तो फायद्यात की तोट्यात?

दुरून शिट्टी वाजली. पहारेकऱ्याची पाठ ताठ झाली. गर्दी आपोआप गप्प झाली. दुधाची काळजी असलेल्या बाईनेही मुलाला उचलून खांद्यावर घेतलं, दिसावं म्हणून. आणि माईला कळलं, की आत्ता बोललं नाही तर दोरी खाली पडेल, हा माणूस दोरी गुंडाळून निघून जाईल आणि लाखो माणसांत पुन्हा सापडायचा नाही. वर कागद तयार असेल. साठ-सत्तर वर्षांत तिने "माझं चुकलं" हे दोन शब्द कुणाला म्हटल्याचं तिला आठवेना. नवऱ्याला नाही, सासूला तर नाहीच नाही. ते जिभेवर आणताना तोंडात सुई धरून बोलल्यासारखं वाटलं.

"तो शिंपी आंधळा नव्हता," ती म्हणाली. "त्याचा हातही नव्हता. माझा होता."

गाड्या आल्या. एक, दोन, काळ्या काचांच्या, सात-आठ. पहारेकऱ्याने सलाम ठोकला, आणि त्याची बाही वर गेली, कपाळाशी, उन्हात, निळी काजं सगळ्या शहरासमोर. तो सलाम कुणासाठी होता ह्याबद्दल काळ्या काचेआडच्या माणसाला काय वाटायचं ते वाटो. माईने गाड्या बघितल्याच नाहीत. ती काजं बघत होती. चांगली झाली होती. आजारी नवऱ्याचा श्वास मोजत, पिवळ्या दिव्याखाली केलेली. एक टाका इकडचा तिकडे नव्हता.

शेवटची गाडी वळली. दोरी सैल झाली. पहारेकऱ्याने हात खाली घेतला आणि तिच्याकडे पहिल्यांदा बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं, मग तिच्या बोटांकडे. "तुम्ही?" तो म्हणाला. "आजी, तुम्हाला किती शिव्या दिल्या असतील मी!"

"लागल्या असतील. अधूनमधून उचकी यायची." तिने रिळाची पुडी मुठीत धरली होती. "कोट बाहेर देता येत नाही म्हणतोस ना? मग घालून ये. ती बघ, तिसरा मजला, डावीकडून दुसरी. उलटा पडदा आहे ती. सुट्टीच्या दिवशी ये, अर्ध्या दिवसात काजं काळी करून देते. त्या बाकीच्या दहाजणांनाही सांग. पण एकदम अकरा नका येऊ. जिना मोडेल."

"खरंच येऊ?"

"नाही आलास तर मी कवायतीला येईन," माई म्हणाली, आणि रस्ता ओलांडू लागली. अर्ध्या रस्त्यात तिच्या लक्षात आलं, की आपण त्याला सुट्टीच्या दिवशी बोलावलं आहे. आणि सामान तर त्याच्या आदल्या दिवशी निघणार होतं.

वर, खोलीत, कागद टेबलावर होता आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवून उडू नये अशी सोय केलेली होती. कचेरीतला माणूस खुर्चीच्या काठावर बसला होता. मुलगा दारातच म्हणाला, "आई, कुठे होतीस? पंचवीस मिनिटं झाली." सुनेने फक्त माईच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि रकाने आखणाऱ्या त्या बाईला जे समजायचं ते मुलाच्या आधी समजलं. तिने कप कागदावरून उचलला.

"कुठे करायची सही?" माईने विचारलं.

"इथे, खाली. खोली सोडली म्हणून."

"आणि नाही सोडली तर?"

माणूस गोंधळला. "तर सहीची गरजच नाही."

"बरं झालं. नाहीतरी माझी सही वाकडी येते."

"आई!" मुलगा म्हणाला. तो ओरडेल असं तिला वाटलं होतं, पण त्याचा आवाज एकदम लहान झाला, दहा वर्षांचा असल्यासारखा. "तू एकटी राहणार? ह्या शहरात? पडलीस-बिडलीस तर कुणाला कळणारसुद्धा नाही."

"कळतं रे," ती म्हणाली. "उशिरा कळतं. पण कळतं." ह्याहून जास्त तिला सांगता येणार नव्हतं, मास्तरबद्दल तर नाहीच, ते अजून तिचं तिला सांगून व्हायचं होतं. नात तिच्या कमरेला येऊन चिकटली होती, आणि त्या लहानशा छातीतली शिट्टी माईला आपल्या पोटाशी लागत होती. ही शिट्टी उद्यापरवापासून इथे नसणार. बरंच होईल. बरंच होईल, असं तिने दोनदा म्हटलं, मनात, आणि दोन्ही वेळा ते खरं होतं आणि दोन्ही वेळा तिने पोरीला आणखी जवळ ओढलं.

मग तिने स्टूल ओढलं. सून धरायला पुढे झाली, तिला तिने धरू दिलं. पडद्याची दांडी काढली, पडदा फिरवला, आणि पुन्हा लावला. फुलं रस्त्याकडे. कचेरीतल्या माणसाने आपला कागद घडी करून खिशात घातला आणि निघता निघता, काय बोलावं ते न सुचून, "छान पडदा आहे" म्हणाला.

"आजी, आता फुलं बाहेर गेली," नात म्हणाली. "आपल्याला नुसते टाके दिसतात."

"दिसू देत. टाके माझेच आहेत." माई खिडकीपाशी बसली, जिथे नवऱ्याचं अंथरूण असायचं तिथे. खाली रस्ता पुन्हा वाहायला लागला होता. एक पिवळी मोटार गेली. तिने पोरीचा कोट मांडीवर घेतला, रीळ सोडलं आणि सुईत ओवण्याआधी दोरा उजेडात धरून बघितला. काळाच होता.